रिनानं बसवलेला गिअर

मु. हेटीटोला, ता. मुलचेरा, जि. गडचिरोली

आदरणीय विहीणबाई बायनाबाई यांस हेटीटोल्याहून ठमाबाईचा मनापासून जय भीम. तुमच्या घरधन्याले, ईवाईबुवा हरिदासरावालेबी जय भीम, पण तो जराक लहान, कारण मी चार वेळा फोन लावला अन् चारही वेळा त्याईनं उचलून "हाव, हाव" म्हणलं अन् ठेवून दिला. म्हणून कागद पाठवून राह्यली. कागदाले हाव म्हणून ठेवता येत नाई, तो शेवटपर्यंत वाचाच लागते. तुमचे गुडघे कसे आहेत? माहे आहेत तसेच आहेत, म्हणजे बसता येते, उठाले माणूस लागते. तुमच्या गोंडपिपरीकडं तूर कशी आहे? इकडं बांधावरच्या तुरीले अळी लागली, गाय व्याली, कालवड झाली, थंडी लय आहे. घरी सगळे खुशाल आहेत असं लिहाची पद्धत आहे म्हणून तेबी लिहिलं. पद्धत पुरी झाली. आता खरं ऐका.

हे पत्र तुमचा जावई प्रफुलच लिहून राह्यला. अक्षर तुमी वळखानच, धानाच्या बांधीतून रानडुकरं गेल्यासारखं. मी शाळेचं तोंड पाह्यलं नाई हे खरं, पण म्हणून मले फसवता येत नाई. मी अर्धा पान बोलली तर अर्धा पान भरलाच पाह्यजे, एवढा हिशोब मले डोळ्यानं समजते. तरी काल यानं डाव केला. मी सांगतलं ते सोडून 'यात प्रफुलचा काही दोष नाही' अशी एक ओळ आपल्या मनानं घुसवली. शेजारच्या अंगणवाडीच्या उर्वशीबाईनं वाचून दाखवलं तेव्हा सापडली. तो कागद मी चुलीत घातला अन् आज पहिल्यापासून सुरू केलं. (लिही, हेबी लिही. तोंड कायले वाकडं करतं? पेन तुहा आहे, पत्र माहं आहे.)

पद्धतीनं पाह्यलं तर तुमची विहीण माही सून व्हाले पाह्यजे होती, प्रफुलची माय. पण ते बिचारी हा सात वर्षांचा असताना गेली. याचा बाप, माहा अश्वजित, गडचिरोलीले नोकरीत आहे. महिन्यातून एक रविवार येते, कोंबडा खाते, अन् 'आई, तब्येत सांभाळ' म्हणून जाते. म्हणून याची आजी मी, याची माय मी, अन् तुमची विहीणबी मीच. तीन जणीची भांडणं एकटीले करा लागतात, अन् त्यात हे इंजिन.

इंजिनाचं सांगणंच आलं, कारण सगळा झगडा त्याच्याच पोटातून निघाला. तुमी लग्नाले आल्या तेव्हा घरामागच्या सांदवाडीत मांडव होता. तुमी ज्या उंच ओट्यावर बसून जेवल्या अन् 'हा ओटा कायचा जी' म्हणून विचारलं, तो ओटा नव्हता, ताडपत्रीखाली इंजिन होतं. (प्रफुलनं सांगाले मना केलं होतं. आता सांगतलं.) चंद्रपूरकडं कोळशाच्या खाणीत एक मोठा डंपर भंगारात निघाला, त्याचं इंजिन यानं लिलावात घेतलं अन् आमच्या धानाच्या गिरणीले जोडलं. आमच्याकडं वीज आहे, पण तिच्यात जीव नाई; दिवा लागते, गिरणी फिरत नाई. अन् इंजिन असं का ज्यानं आयुष्यभर डोंगर वाह्यला त्याले आता धान सोलाले बसवलं. त्याले जागा पुरली नाई म्हणून म्हैस विकली. ते सुरू झालं का उर्वशीबाईच्या घरचे गिलास मांडणीवरून चालत चालत काठावर येतात, अन् ते बाई एक हात मांडणीले लावून दुसऱ्या हातानं सैपाक करते. पण आजूबाजूच्या पाच टोल्यांचं धान आमच्याकडंच येते. बंगाली गावचे लोकबी येतात, त्याईले तांदूळ एकदम पांढरा पाह्यजे. हंगामाचे दोन महिने चालतात अन् त्याच्यावर आमचं वर्ष निघते.

तुमच्या रिनाले या बैलानं पसंत काऊन केलं ते तुमाले माहीत नसन. तुमच्या घरी पाहाच्या कार्यक्रमात मी रीतीनं विचारलं, पोरी, काय काय येते? ती म्हणली, भात येते, वरण येते, अन् डिझेल इंजिन पुरं उघडून पुन्हा बसवता येते. तुमी आतून तिच्यावर डोळे मोठे केले होते, मले पडद्यातून दिसले. प्रफुल पोह्याचा घास हातात धरून तसाच राह्यला. लग्न झाल्यावर तिचं आयटीआयचं सर्टिफिकेट यानं आपल्या हातानं खिळा ठोकून गिरणीच्या भिंतीले लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याले दाखवे. लग्नाचा फोटो अजून पेटीतच आहे.

तर या वर्षी धान निघालं, पोते याले लागले, अन् इंजिनच्या तोंडाशी कर्रकर्र आवाज सुरू झाला, म्हातारा माणूस झोपेत दात खाते तसा. प्रफुल म्हणे पट्टा सैल झाला. सुकलू मिस्त्रीले बोलावलं. तो आष्टीचा, चाळीस वर्षं ट्रकखाली झोपलेला माणूस, त्यातली वीस काम करत अन् वीस खरंच झोपून. त्यानं इंजिनले पान्यानं ठोकलं, डोळे मिटले अन् सांगतलं, डिझेलमंदी पाणी आहे. रिना तेव्हा भाजी चिरून राह्यली होती. ती हात पुसत आली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनले लावलं, मूठ कानाले लावली, अन् म्हणली टायमिंग गिअर खाऊन राह्यला. मिस्त्री हसला. म्हणला, बाई, हे रेडिओ नोहे. तिनं जाऊन भाजी फोडणीले टाकली. पण मी पाह्यलं, भाजीत मीठ दोनदा पडलं.

तुमाले गिअर समजत नसन तर सांगतो, मलेबी तिनंच शिकवलं. इंजिनच्या समोर झाकणाखाली मोठमोठी दातेरी चाकं राह्यतात, एकाचे दाते दुसऱ्यात अडकवलेले. खालचं चाक फिरलं का वरचं फिरते, अन् वरच्यानं वेळेवर झडपा उघडाच्या अन् वेळेवर लावाच्या. दोघांची वेळ जुळली तर इंजिन श्वास घेते. एक दाताची चूक झाली का पिस्टन वर येते, झडप खाली येते, अन् दोघांची टक्कर. झाकण उघडलं तर खालच्या तेलात लोखंडाचा चुरा चांदीसारखा चमकून राह्यला होता. एका चाकाचे दाते झिजून माह्या दातासारखे झाले होते, दुसऱ्याचे अजून जवान. मिस्त्रीनं पुन्हा डोळे मिटले. रिना म्हणली, आधीच्या मालकानं कडक गिअरसंगं नरम गिअर जोडला, कडकानं नरमाले खाल्लं. कडक घालाचा तर दोन्ही कडक, जोडी एकाच पाण्याची पाह्यजे.

हे मले एका झटक्यात समजलं, शिकलेल्याले समजाले वेळ लागला. मी पन्नास हंगाम विळा धरला आहे. लोहार विळा लाल करून पाण्यात घालते, त्याले पाणी पाजते, तेव्हा तो धान कापते. पाणी बरोबर बसलं नाई तर गवतापुढंबी वाकते. तसंच या चाकांचं. मी म्हणली, म्हणजे सोयरिकीसारखंच झालं. ती म्हणली, नाई आजी, सोयरिकीत एक जण नरम असला तर निभून जाते, इंजिनात नाई निभत. तेव्हा मी प्रफुलकडं पाह्यलं अन् प्रफुलनं छपराकडं पाह्यलं.

मंग हा चंद्रपूरले जाऊन नवी जोडी घेऊन आला. डब्यावर नंबर बरोबर, गिअरवर कोरलेला नंबर बरोबर, याचं तोंड असं जसं काही यानंच नंबर कोरला. लिहिलेलं दिसलं का तुमा शिकलेल्या माणसाले वाटते काम झालं. मिस्त्रीनं दोन्ही ठोकून पाह्यले, टन्न वाजले, त्यानं मान हलवली. रिना म्हणली, नंबर कोणीबी कोरते, अन् ठोकलं तर तवाबी वाजते. तिनं आपल्या पेटीतून कानस काढली, दाताच्या बाजूले, जिथं काम लागत नाई तिथं, एकदा ओढली. पहिल्या गिअरवरून कानस अशी घसरली जशी कमळाच्या पानावरून पाणी, एक रेघ नाई. दुसऱ्यावर ओढली तर कानसनं कर्रकन लोखंड खाल्लं, चुरा खाली पडला. मंग तिनं मले दोन्ही उन्हात नेऊन दाखवले. कडक असते त्याच्या दातावर काळपट झाक राह्यते, आगीतून गेल्याची. नरम असते ते सगळं एकाच रंगाचं, न्हाऊन आलेल्या पोरीसारखं. मी म्हणली, पाह्य प्रफुल, मले अक्षर येत नाई पण हे वाचता येते. हा तसाच परत चंद्रपूरले गेला, अन् दुकानदारानं एक शब्द न बोलता बदलून दिला. न बोलता दिला म्हणजे त्याले माहीत होतं. (हा म्हणते असं लिहू नका. दुकानाचं नाव थोडंच लिहून राह्यली मी.)

या वेळचे दोन्ही खरे निघाले. रिनानं कानस ओढली, दोन्हीवरून घसरली. मंग बसवाचं काम. हा गिअर असा राह्यते का थंडा असला तर दांड्यावर चढत नाई. तापवून फुगवा लागते, गरम असताना सरकवला का मंग थंडा होऊन जो आवळते तो पुन्हा निघाले महिनाभर शिव्या द्याव्या लागतात. रिना म्हणली, आजी, चुलीवर तेलात तापवा, भजे तळाले तेल होते ना तेवढंच, धूर निघाला का खाली उतरवा, त्याच्यावर नाई. आगीचं काम या घरात माहंच आहे. मी तापवला. तिनं सांडशीनं उचलून बसवला, दोन्हीवरच्या खुणा समोरासमोर आणल्या, झाकण लावलं, अन् इंजिन असं चाललं का उर्वशीबाईचे गिलास नुसते थरथरले, चालले नाई. मिस्त्री चहा पिऊन गेला, जाताना सर्टिफिकेटकडं मात्र पाह्यलं.

नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी मंगळवार होता, बंगाली गावचे पन्नास पोते अंगणात, लोक पोत्यावर बसलेले. आधी कर्र झालं, मंग ठाण, मंग काहीच नाई. झाकण उघडलं तर नव्या दोन गिअरमधला एक पुरा चावून टाकलेला, झडपा वाकलेल्या. सुकलू मिस्त्री कुठून आला देवाले माहीत, नाश झाला का हा माणूस वासावर येते. तो सगळ्यांसमोर म्हणला, पोरीबाळीच्या हातचं काम असं राह्यते, खुणा चुकवल्या असतील. अन् प्रफुल, ज्यानं तो खिळा आपल्या हातानं ठोकला होता, तो भर अंगणात म्हणला, "सर्टिफिकेट भिंतीले लाव, इंजिनले हात नको लावू."

(थांबला हा. मी म्हणली, जसं बोलला तसं लिही. बोलताना थांबला नाई, आता कायले थांबते.)

रिना रडली नाई. ती म्हणली, "मी बसवला तेव्हा गिअर कडक होता, खुणा बरोबर होत्या." एवढंच. मंग मोडलेला गिअर उचलला, उन्हात नेऊन उलटापलटा पाह्यला, एकदा कानस ओढली, फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. भिंतीवरचं सर्टिफिकेट काढलं, तेबी टाकलं. एक वाजताची बस होती. मिस्त्री मागून म्हणला, चुकीचा पुरावाबी संगं घेऊन चालली. अन् प्रफुलनं तेबी ऐकून घेतलं.

आज बारा दिवस झाले. गिरणी बंद आहे. लोक पोते परत नेऊन राह्यले, मुलचेऱ्याच्या गिरणीवर रांग लावून राह्यले. हा माणूस सकाळी उठते, इंजिनजवळ जाऊन उभा राह्यते, झाकण उघडते, झाकण लावते. परवा मी भाजीत मीठ घातलं नाई, पाह्यलं काय म्हणते तर, यानं पुरी खाल्ली अन् ताट धुवून ठेवलं. वीस वर्षांत यानं ताट धुतलं नव्हतं. भिंतीवरचा खिळा तसाच आहे, त्याच्यावर काल आपली टोपी अडकवाले गेला अन् पुन्हा हातातच घेऊन आला. मी हसली नाई. (खरं म्हणजे हसली, पण तोंड फिरवून.)

तर विहीणबाई, हे सगळं तुमाले कळाव म्हणून लिहिलं. रिनाले पाठवा असं मी म्हणत नाई. तिची मर्जी, तिचं माहेर. नवरा-बायकोच्या मधात म्हातारीनं पडू नये हे मले समजते. ईवाईबुवाले सांगा का फोन उचलला तर समोरचं पुरं ऐकाव. तुमच्या गुडघ्याले टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून लावा. बाकी सगळं बरं आहे, भेट होईन तेव्हा होईन.

तुमची,
ठमाबाई (आंगठा)

ता. क. रिनाचा लोकरीचा स्वेटर इथी खुंटीवर राह्यला. थंडी लय आहे. मी बसवाल्याच्या हाती पाठवू शकतो, पण पाठवत नाई, वाटेत हरवते. ज्याचा आहे त्यानं येऊन घालाव.

ता. क. दुसरी. (प्रफुल, आता मी सांगतो ते लिहाचं, मधात बोलाचं नाई, अन् माह्याकडं पाहाचं नाई.) विहीणबाई, वर मी 'मी तापवला' एवढं म्हणून पुढं पळाली, ते तुमाले समजलं असन, तुमी हुशार आहा. मी तेलात तापवला नाई. एवढा गिअर मावन अशी घरात एकच कढई, तुमी लग्नात दिलेली पितळी. माह्या लग्नात मले कोणी वाटीबी दिली नव्हती. त्या कढईत इंजिनचं काळं तेल ओताले माहं मन झालं नाई. यात थोडी चूक तुमचीबी आहे, इतकी चांगली कढई द्याले कोणी सांगतलं होतं? मी गिअर सरळ निखाऱ्यात ठेवला, वांगं भाजाले ठेवते तसा. तेवढ्यात गाय सुटली. गाय बांधून आली तर गिअर लाल. मी घाबरली, काढून राखेत पुरला, हळूहळू थंडा होऊ दिला, मंग राखेनं घासून चमकवला, पुन्हा निखाऱ्याच्या बाजूले ठेवून जराक तापवला अन् लोटक्यातलं गरम तेल वरून ओतून रिनाच्या समोर ठेवला. लाल लोखंड पाण्यात घातलं तर कडक होते अन् राखेत ठेवलं तर नरम होते, हे मी लोहाराच्या भात्याजवळ लहानाची मोठी झाली तेव्हापासून मले माहीत आहे. विळ्याच्या बाबतीत माहीत आहे. गिअरच्या वेळी माहं डोकं कढईपाशी होतं.

अन् आता जे खरं सांगाचं ते. मोडलेला गिअर रिनानं उन्हात धरला तेव्हा आतल्या भोकाच्या काठाले निळं-जांभळं कडं, आगीत जळल्याची खूण, राह्यलं होतं, तिथं माही राख पोचली नव्हती. तिनं ते पाह्यलं. कानस ओढली, कानसनं लोखंड खाल्लं. तिले तिथंच समजलं का गिअर तिनं नाई बिघडवला, चुलीनं बिघडवला, अन् चुलीपाशी कोण होतं. तिच्या एका शब्दानं मिस्त्रीचं तोंड बंद झालं असतं अन् याचंबी. ती बोलली नाई. माह्याकडं पाह्यलंबी नाई. पाह्यलं असतं तर मी बोलून गेली असती. गिअर फडक्यात गुंडाळून घेऊन गेली ते यासाठी का ते निळं कडं दुसऱ्या कोणाले दिसू नये. पंचाहत्तर वर्षांच्या म्हातारीले पन्नास माणसांसमोर कोणी हसू नये. अन् मी काय केलं? मी गप राह्यली. तिची पिशवी उघडून पाहा, गिअर त्यातच असन. तिनं तुमालेबी सांगतलं नसन, एवढं मले माहीत आहे. ती पोरगी कडक आहे विहीणबाई, पण मले वाचवताना

ता. क. तिसरी. आता अक्षर बदललं ते तुमाले दिसन. हे उर्वशीबाईचं आहे, सुंदर आहे, अंगणवाडीच्या रजिस्टरसारखं. वरची ओळ अर्धी राह्यली कारण प्रफुलनं पेन ठेवला. मंग म्हणला, "आजी, तिले माहीत होतं?" मी म्हणली हाव. तो म्हणला, "अन् मी तिले काय बोललो." मी वाट पाहून राह्यली होती का आता मले शिव्या देईन, चार दिल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं. तो सरळ उठला अन् गाडी सुरू कराले गेला. पंधरा लाता मारल्या, गाडी सुरू होत नाई. तिचं प्लग-बिग रिनाच पाहत होती, हा फक्त वर बसत होता. आता तो पायी स्टँडकडं निघाले बाहेर अंगणात उभा आहे, एक वाजताच्या बससाठी. आष्टीचा पूल ओलांडून तुमच्याकडं पोचाले संध्याकाळ होईन. म्हणून हे पत्र मी त्याच्याच हाती देऊन राह्यली. लिहून झालं का उर्वशीबाई पाकीट चिकटवून देईन.

तो आला तर त्याले लगेच जेवू घालू नका. अंगणात उभा राहू द्या जराक, अंगणातच बोलला होता. रिनाले 'जा बाई, नवरा घ्याले आला' असं समजावू नका. समजावलं का ती अडते, मीबी तशीच आहे. तो काय बोलते ते तिलेच ऐकू द्या, अन् तिनं नाई म्हणलं तर नाई. तेव्हा मले निरोप पाठवा, मी येतो. मले बस लागते, तरी येतो, अन् तुमच्या अंगणात, तुमच्या शेजाऱ्यांसमोर सांगतो का गिअर मी जाळला. सुकलू मिस्त्रीले तर मी आजच सांगतलं, तो आज गावातच होता, उर्वशीबाईले पाठवून त्याले बोलावून घेतलं अन् पाच माणसांसमोर सांगतलं. त्यानं डोळे मिटले अन् म्हणला, मले आवाजावरून वाटतच होतं.

ता. क. चौथी. हे फक्त तुमच्यासाठी, जावयाले वाचून दाखवू नका. प्रफुल रोज स्टँडवर जाऊन विचारते का यानं चंद्रपूरहून मागवलेली नवी जोडी, झडपांसकट, आली का, अन् रोज खाली मान घालून येते. जोडी येऊन चार दिवस झाले. बसवाल्यानं माह्याच हाती दिली, अन् प्रफुलले सांगाचं नाई असं मी त्याले बजावून ठेवलं. त्याच दिवशी मिस्त्री विचाराले आला होता का गिअर आले असतील तर मी संध्याकाळी बसवून देतो, दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू. म्हणजे वर मी जे लिहिलं का गिरणी बंद आहे अन् लोक पोते नेऊन राह्यले, ते खरं आहे, पण ते मीच बंद ठेवली आहे. मिस्त्रीनं बसवला असता तर इंजिन चाललं असतं, अन् मंग या घरात रिनाची कोणाले गरज वाटली नसती, अन् हा गधा पुढचा सारा हंगाम झाकण उघडत अन् लावत बसला असता. जोडी कुठी लपवली ते उर्वशीबाईलेबी माहीत नाई, ती आता लिहिता लिहिता माह्याकडं पाहून राह्यली. ते मी फक्त रिनाले सांगीन, ती इथी आली म्हणजे.